लष्करी इतिहासाची संग्रहालये, पुणे

लष्करी इतिहासाची संग्रहालये, पुणे : शस्त्रे, चिलखते, निशाणे, रणगाडे, पदके आणि युद्धात पडलेल्यांची नावे जतन करून लोकांना पाहू देणाऱ्या पुणे शहर व परिसरातील संस्था आणि स्मारके. यात दोन वेगळी कुळे आहेत. एक पेठांमधले, शिवकालीन व पेशवेकालीन हत्यारांचे; दुसरे कँप, घोरपडी आणि खडकीकडचे, विसाव्या शतकातल्या पलटणींचे. पहिल्यात वस्तू बोलतात, दुसऱ्यात बहुतेक नावे. पाहणाऱ्याने दोन्हींकडे जावे, मात्र दोन्हींकडे एकाच नजरेने पाहू नये.

'संग्रहालय' हा शब्द अलीकडचा. हत्यारे ठेवण्याच्या जागेला मराठी कागदपत्रांत शिलेखाना किंवा सिलेखाना म्हणतात. अरबी 'सिलाह' म्हणजे शस्त्र. त्यावरून हा शब्द आला, 'शिळे'शी, म्हणजे दगडाशी, त्याचा संबंध नाही. शिवाजी महाराजांच्या काळातील अठरा कारखान्यांत (सरकारी कोठारे व खाती) शिलेखाना मोडतो. फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या राज्यव्यवहारकोशात (इ. स. १६७७ च्या सुमारास) शस्त्रवर्ग हा स्वतंत्र विभाग आहे. कोशाचे कर्तृत्व परंपरेने रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे जाते. प्रत्यक्ष रचना धुंडिराज व्यास यांची असावी, हे मत अधिक पटणारे आहे. शिलेखान्यातले हत्यार उद्याच्या मोहिमेसाठी असे, लोकांनी पाहावे म्हणून नव्हे. त्यामुळे दुरुस्त्या, मुठींची अदलाबदल, नवी धार हे सारे त्याच्या अंगावर दिसते, आणि कालनिर्णय करताना नेमके तेच अडचणीचे ठरते.

पेठांमधल्या संग्रहांत शुक्रवार पेठेतील, नातूबागेजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय सर्वांत परिचित. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), कवितेत 'अज्ञातवासी', यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ ते उभे केले. संग्रह सुमारे १९२० पासूनचा. तो राज्य शासनाकडे सोपवल्याचे वर्ष साधारणपणे १९६२ धरतात. वस्तूंची संख्या सुमारे २०,००० सांगितली जाते; मांडणीत त्यांतला थोडाच भाग असतो. दिवे, अडकित्ते, वाद्ये यांच्या गर्दीत शस्त्रदालन लहान वाटते. तरी घाईने पुढे सरकू नये.

तलवार पाहताना आधी मूठ आणि पाते वेगळे करून पाहावे. दख्खनी तलवारीत पात्याची आखूड शेपटी मुठीच्या पोकळीत घालून ती लाखेने पक्की करत. लाख तापवली की पाते सुटते, आणि त्याच मुठीत दुसरे बसते. म्हणून मुठीवरचे सोन्याचे काम एका काळाचे आणि पाते त्याहून पन्नास-शंभर वर्षे जुने, असे सहज घडते. लांब, सरळ पात्याला धोप म्हणतात. पाते युरोपातून आलेले असेल तर फिरंग. मात्र पाते युरोपीय आहे हे ओळखायचे कशावरून, याबद्दल मतभेद आहेत. जुन्या याद्या पात्यावरच्या खुणेवर भिस्त ठेवतात : समोरासमोर दोन चंद्रकोरी, कडेला बारीक दाते, डोळ्याच्या पापण्यांसारखे. ही खूण इटलीतील जेनोवाची मानली जाई. पुढे तीच खूण जर्मनीतील झोलिंगेनच्या कारागिरांनी उचलली आणि आपल्याकडच्या लोहारांनीही ठोकली, कारण गिऱ्हाईक ती पाहूनच पैसे मोजत असे. 'आंद्रेया फेरारा' या इटालियन तलवारकाराच्या नावाचेही तेच झाले. तेव्हा खूण म्हणजे आयातीचा पुरावा नव्हे. ती फार तर त्या पात्याला मोल होते एवढेच सांगते. पोलादाची जात आणि पात्यावरच्या खोबणींची घडण यांवरून काढलेला निष्कर्ष अधिक भरवशाचा. पट्टा या लांब पात्याच्या तलवारीबाबत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. कोपरापर्यंत हात झाकणारी त्याची मूठ निर्विवाद देशी. पाते मात्र पुष्कळदा फिरंगी.

नाव जोडलेल्या शस्त्रांबाबत अधिक सावध राहावे लागते. ठळक उदाहरण वाघनखांचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये मुदतीच्या उसनवारीवर महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्यात मांडली गेली. ती साताऱ्याचा रेसिडेंट (दरबारातील इंग्रज प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या वंशजांकडे व पुढे संग्रहालयाकडे गेली. सोबतच्या पेटीवरचा मजकूर सांगतो, की याच वाघनखांनी शिवाजीने 'मोगल सेनापती'ला मारले आणि ती डफला 'पेशव्याच्या पंतप्रधाना'ने दिली. पण अफझलखान आदिलशाही सरदार होता, मोगल नव्हे. आणि छत्रपतींचा पंतप्रधान तो स्वतः पेशवाच. एवढ्या दोन ओळींत दोन अडखळे येतात, तेव्हा मजकूर ऐकीव असावा असे मानणे योग्य. ही प्रत्यक्ष तीच वाघनखे असल्याची खात्री करता आलेली नाही, असे खुद्द संग्रहालयही म्हणते. प्रतापगडाच्या प्रसंगात (१० नोव्हेंबर १६५९) वाघनख वापरल्याचा उल्लेख सभासदाच्या बखरीत (सुमारे १६९७) आहे. त्यामुळे शस्त्राचा प्रकार निश्चित, नग अनिश्चित, असे म्हणता येते. महाराजांवरील प्रेमाला याने काही उणेपणा येत नाही. काचेपलीकडची वस्तू खोटी ठरत नाही, तिच्यावरची चिठ्ठी तेवढी तपासून घ्यावी लागते. अशा तपासणीची साधने पुण्यातच आहेत. वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दप्तर सांभाळणारे पुराभिलेखागार ही त्यांतली प्रमुख.

लष्कराकडच्या वारशात दक्षिण कमांडचे (स्थापना १८९५) राष्ट्रीय युद्धस्मारक पहिले. ते घोरपडी भागात आहे आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले. नागरिकांच्या वर्गणीतून ते उभे राहिले, हे त्याचे मोठेपण. तेथे मिग-२३ बीएन विमान आणि १९६१ च्या गोवामुक्तीत भाग घेतलेल्या 'त्रिशूळ' या युद्धनौकेची प्रतिकृती आहे. मुले विमानाकडेच धावतात. मोठ्यांनी त्यांना भिंतीवरची दोन-चार नावे तरी मोठ्याने वाचायला लावावीत.

खडकी हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करातील अभियंत्यांच्या गटाचे, घर. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर चार दिवस सलग सुरुंग काढत जाणारे प्रेमिंद्रसिंग भगत (व्हिक्टोरिया क्रॉस) आणि एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा–राजौरी रस्ता मोकळा करणारे राम राघोबा राणे (परमवीर चक्र) याच परंपरेतले. परमवीर चक्र हयातीत मिळालेले राणे हे पहिले. गटाचे संग्रहालय लष्करी हद्दीत असल्याने परवानगी घ्यावी लागते.

खडकीची युद्धसमाधिभूमी संग्रहालयांत धरावी की नाही, याविषयी एकमत नाही. येथे ती धरली आहे, कारण तिच्याइतका नेमका दस्तऐवज शहरात दुसरा नाही. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ समाध्या येथे आहेत. पश्चिम व मध्य भारतातील ज्या कबरींची देखभाल कायम होईल याची शाश्वती नव्हती, त्या येथे आणल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावेही येथील स्मारकावर आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीहून मार्च १९६२ मध्ये येथे आणले. पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील सैनिकांचीही आठवण येथे राखलेली आहे. दगडांवर पलटण, हुद्दा, तारीख आणि पुष्कळदा वय असते. एकोणीस, वीस, बावीस असे आकडे वाचत दोन रांगा चालले, तरी पावले आपोआप मंदावतात.

परिसरातील दोन ठिकाणे याला जोडून सुचवली जातात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील सुदान ब्लॉक (उद्घाटन ३० मे १९५९) हीच मुळात एक स्मारकवास्तू आहे. सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ त्या देशाने दिलेल्या निधीतील भारताच्या वाट्याचे ७०,००० पौंड तिच्यासाठी वापरले. प्रबोधिनीत पूर्वपरवानगीशिवाय जाता येत नाही. अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय १९९४ चे, पुण्याहून सुमारे १२० किमी. रोल्स-रॉइस चिलखती गाडी, जपानी रणगाडे आणि १९६५ च्या युद्धातले पॅटन रणगाडे तेथे उघड्यावर उभे आहेत. उन्हाळ्यात सकाळीच जावे; पोलाद तापले की जवळ थांबवत नाही.

पाहुण्याला काय सुचवावे, याचा पुण्यातला रिवाज शनिवारवाड्यापासून सुरू होतो. वाडा १८२८ च्या आगीत गेला. तेथे तट व दरवाजे पाहायचे, शस्त्रे नव्हेत. एकच दिवस असेल तर सकाळी युद्धसमाधिभूमी, मग युद्धस्मारक आणि दुपारनंतर केळकर संग्रहालय हा क्रम चांगला, कारण आधी नावे वाचलेली असली की तलवार नुसती शोभेची वस्तू वाटत नाही. लष्करी भागात ओळखपत्र जवळ ठेवावे आणि छायाचित्राआधी विचारावे.

पेशवे आणि इंग्रज यांच्यातली ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई जेथे झाली, त्या गणेशखिंडीच्या माळावर आज विद्यापीठ, कचेऱ्या आणि वाहतूक आहे. पेशव्यांच्या बाजूने बापू गोखल्यांची फौज तेथून चालून गेली आणि मोरोपंत दीक्षित तेथे पडले; दुसऱ्या बाजीरावाने लढाई पर्वतीवरून पाहिली असे सांगतात. पर्वतीवर आज पेशव्यांच्या वस्तूंचे छोटे संग्रहालय आहे.