बारा देश, एक संघ: १९९२च्या ‘युनिफाइड टीम’ची पार्श्वभूमी

३१ जुलै १९९२. बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये पुरुष जिम्नॅस्टिक्सची वैयक्तिक अंतिम फेरी संपली आणि पदकमंचावर तिघे जण उभे राहिले: बेलारूसचा व्हिटाली शेर्बो, युक्रेनचा ग्रिगोरी मिस्युतिन आणि अझरबैजानचा व्हॅलेरी बेलेन्की. तिघांचे देश वेगळे, पण दोनच दिवसांपूर्वी याच तिघांनी एका संघातून सांघिक सुवर्ण जिंकलं होतं. त्या वेळी वर चढला तो पाच वर्तुळांचा ऑलिम्पिक ध्वज आणि वाजलं ते ऑलिम्पिक गीत. शेर्बो एकट्याने जिंकला तेव्हा मात्र बेलारूसचा पांढरा-लाल-पांढरा ध्वज फडकला. माणूस तोच, खेळही तोच. एकटा असला की त्याला देश होता, संघात असला की नव्हता.

आपल्याकडे तेव्हा या सगळ्यांना सरसकट ‘रशियन’च म्हटलं जायचं. अधिकृत नाव होतं ‘युनिफाइड टीम’, म्हणजे संयुक्त संघ. पदकतालिकेत त्याच्या फ्रेंच नावावरून ‘ई.यू.एन.’ अशी तीन अक्षरं यायची. सोव्हिएत संघ या महासत्तेचे तुकडे होत असताना खेळाडूंनी दाखवलेली एकी, अशी या संघाची गोष्ट बरेचदा सांगितली जाते. ती गोड आहे, पण मला पटत नाही. हा संघ उभा राहिला तो वेळेच्या, पैशाच्या आणि नियमांच्या अडचणीतून. त्याच्याकडे निव्वळ एक सोय म्हणून पाहिलं की त्यातल्या विचित्र गोष्टींचाही उलगडा होतो.

८ डिसेंबर १९९१ रोजी बेलारूसमधल्या बेलोवेझच्या जंगलात रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्रावचुक आणि बेलारूसचे शुश्केविच यांनी सोव्हिएत संघ संपल्याच्या करारावर सह्या केल्या. २१ डिसेंबरला अल्माटीत अकरा प्रजासत्ताकांनी ‘स्वतंत्र राष्ट्रांचं राष्ट्रकुल’ मान्य केलं आणि २५ तारखेला गोर्बाचेव्हनी राजीनामा दिला. फ्रान्समधल्या अल्बरव्हिलला हिवाळी ऑलिम्पिक सुरू होणार होतं ८ फेब्रुवारीला. म्हणजे हातात जेमतेम सहा आठवडे.

एवढ्या वेळात नवा देश ऑलिम्पिकला पोचू शकत नाही. आधी राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती हवी, तिला आंतरराष्ट्रीय समितीची मान्यता हवी, शिवाय प्रत्येक खेळाची राष्ट्रीय संघटना त्या त्या आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य हवी. युक्रेनने १९९० मध्येच आपली समिती स्थापन केली होती. १९७२ला म्युनिकमध्ये सोव्हिएत संघासाठी शंभर आणि दोनशे मीटर जिंकणारे व्हॅलेरी बोर्झोव तिचे अध्यक्ष. पण समिती असणं वेगळं आणि तिला मान्यता असणं वेगळं. पात्रताही ‘सोव्हिएत संघ’ या नावाने मिळालेली. हॉकी, बास्केटबॉल, हँडबॉलमधली जागा एका संघाची होती. तिचे बारा वाटे कसे करणार?

त्यात पैशाचा प्रश्न. २ जानेवारी १९९२ला रशियाने वस्तूंच्या किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठवलं आणि रुबल घसरत गेला. सोव्हिएत क्रीडाव्यवस्था पूर्णपणे सरकारी तिजोरीवर चालायची. खेळाडू कागदोपत्री लष्कराच्या ‘सेस्का’सारख्या क्लबचे किंवा ‘डायनॅमो’चे असायचे, तिथूनच पगार मिळायचा. सरावाच्या जागा तर पंधरा प्रजासत्ताकांत विखुरलेल्या. स्पीड स्केटिंगची प्रसिद्ध मेदेओ रिंक कझाकस्तानात, बर्फावरून घसरण्याच्या ल्यूज खेळाचा कृत्रिम ट्रॅक लाटवियातल्या सिगुल्डाला. लाटविया १९९१ मध्येच बाहेर पडला आणि तो ट्रॅक एका रात्रीत परदेशात गेला. प्रशिक्षक मॉस्कोत, खेळाडू मिन्स्कचा, साधनं कीव्हमध्ये, अशी ही मांडणी. तिची कायदेशीर वाटणी व्हायला वर्षं लागली असती.

मग आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष हुआन आंतोनियो सामारान्च यांनी तोडगा स्वीकारला: या एका वर्षापुरता संयुक्त संघ. सामारान्च यांना यात रस असणं स्वाभाविकच होतं. १९८०, १९८४ असे लागोपाठ दोन बहिष्कार सोसलेल्या ऑलिम्पिकमधून पदकतालिकेत सतत वर राहणारा गट पुन्हा गायब झालेला त्यांना परवडणारा नव्हता.

पंधरा प्रजासत्ताकांपैकी तीन बाल्टिक देश यात नव्हतेच. लिथुआनिया, लाटविया आणि एस्टोनिया यांच्या ऑलिम्पिक समित्यांना सप्टेंबर १९९१ मध्येच पुन्हा मान्यता मिळाली होती. त्यामुळे अल्बरव्हिलला तिघेही आपापल्या ध्वजाखाली उतरले, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच.

अल्बरव्हिलच्या संघात सहा देशांचे खेळाडू होते: रशिया, युक्रेन, बेलारूस, कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि आर्मेनिया. तिथे वैयक्तिक विजेत्यालाही स्वतःचा ध्वज नव्हता. ओडेसाचा फिगर स्केटर व्हिक्टर पेत्रेन्को सुवर्ण जिंकला तरी ऑलिम्पिक ध्वजच वर गेला. आइस हॉकी संघाचे प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव तेच जुने कडक शिस्तीचे. खेळाडू बहुतेक नवे, कारण नावाजलेले अमेरिकेच्या लीगमध्ये निघून गेलेले. जर्सीवर जिथे सोव्हिएत संघाची चार अक्षरं असायची तिथे आता काहीच नव्हतं. त्या कोऱ्या जर्सीत त्यांनी अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ हरवलं. एकूण ९ सुवर्णांसह २३ पदकं आणि जर्मनीपाठोपाठ दुसरा क्रमांक.

उन्हाळ्यात फुटबॉलचीही पाळी आली. स्वीडनमधल्या युरो स्पर्धेसाठी सोव्हिएत संघ इटलीला मागे टाकून पात्र ठरला होता. तिथे ‘राष्ट्रकुल’ नावाचा संघ खेळला. त्यांचं राष्ट्रगीत म्हणून बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली धून वाजली. जर्मनी आणि नेदरलँड्सशी बरोबरी, स्कॉटलंडकडून ०-३ असा पराभव, आणि खेळ खलास. या संघात जॉर्जियाचा त्स्खादाद्झे होता, जॉर्जिया मात्र तेव्हा त्या राष्ट्रकुलाचा सदस्यच नव्हता! बार्सिलोनात ‘राष्ट्रकुल’ऐवजी ‘संयुक्त’ असं बेरंगी नाव का सोयीचं होतं, ते यावरून कळतं.

बार्सिलोनाच्या वेळेपर्यंत नियम थोडे सैलावले होते. नव्या समित्यांना तात्पुरती मान्यता मिळाली होती आणि बाराही देश आले होते. वैयक्तिक विजेत्याला आपला ध्वज, सांघिक विजयाला ऑलिम्पिकचा, अशी विभागणी ठरली. उद्घाटनाच्या संचलनात मात्र सगळ्यांपुढे ऑलिम्पिक ध्वजच होता, सायबेरियाचा कुस्तीगीर अलेक्झांडर कारेलिनच्या हातात. त्याच स्पर्धेत युगोस्लाव्हियाच्या खेळाडूंची वेगळीच तऱ्हा होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे त्यांना फक्त ‘स्वतंत्र स्पर्धक’ म्हणून वैयक्तिक प्रकारांत खेळता आलं, सांघिक खेळांत नाहीच.

मागे मायदेशी काय चाललं होतं? आर्मेनिया आणि अझरबैजान नागोर्नो-काराबाखवरून उघड युद्धात होते. मोल्दोवातल्या ट्रान्सनिस्ट्रियाच्या लढाईत उद्घाटनाच्या चार दिवस आधी युद्धविराम झाला. ताजिकिस्तानात मे महिन्यात यादवी पेटली होती. आणि समारोपानंतर पाचव्या दिवशी, १४ ऑगस्टला, जॉर्जियात अबखाझियाचं युद्ध सुरू झालं. या पार्श्वभूमीवर बाकूचा ज्युडोपटू नाझिम हुसेनोव आणि आर्मेनियाचा नेमबाज ह्राच्या पेतिक्यान यांची सुवर्णपदकं तालिकेच्या एकाच रकान्यात पडली. एकी म्हणायची तर ती त्या रकान्यापुरती.

सोयीच्या या रचनेत सर्वांत मोठी चीर पडली ती महिला जिम्नॅस्टिक्समध्ये. नियम होता की वैयक्तिक अंतिम फेरीत एका देशाच्या फक्त तिघी. संयुक्त संघ बारा देशांचा असला तरी नियमापुरता तो एकच देश! सांघिक फेरीत युक्रेनची तात्याना गुत्सू बॅलन्स बीमवरून पडली आणि संघात चौथी आली. तिसरी होती उझबेकिस्तानची रोझा गालियेवा. मग गालियेवाच्या गुडघ्याला दुखापत असल्याचं संघव्यवस्थापनाने जाहीर केलं, तिची जागा गुत्सूला मिळाली आणि गुत्सूने अमेरिकेच्या शॅनन मिलरला ०.०१२ गुणांनी मागे टाकून सुवर्ण जिंकलं. ध्वज फडकला तो युक्रेनचा. असे बदल सोव्हिएत काळात व्हायचे, तेव्हा ती संघाची घरातली बाब असायची. आता एका स्वतंत्र देशाची जागा दुसऱ्या स्वतंत्र देशाला गेली होती आणि उझबेकिस्तानच्या बाजूने बोलायला त्या व्यवस्थेत कुणीच नव्हतं. गुत्सू संघातली सर्वांत ताकदीची होती हे मान्य करूनही मला हा प्रकार खटकतो.

शेर्बोने एकूण सहा सुवर्णपदकं नेली, त्यातली चार २ ऑगस्टच्या एकाच दिवसात. महिलांच्या चार बाय चारशे रिलेत दोघी रशियाच्या आणि दोघी युक्रेनच्या धावल्या आणि जिंकल्या. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये मात्र हिशेब उलटा झाला. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्ण जिंकलं ते साबोनिस, मार्च्युलिओनिस, कुर्तिनाइतिस, होमिचुस या लिथुआनियन खेळाडूंच्या जोरावर. आता तेच लिथुआनियाच्या संघात होते, आणि ८ ऑगस्टला कांस्यपदकाच्या सामन्यात त्यांनी संयुक्त संघालाच ८२-७८ हरवलं. पदक घ्यायला ते आले रंगीबेरंगी टाय-डाय टी-शर्ट घालून. त्यांच्या मदतीला आलेल्या ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन रॉक बँडशी जोडलेले ते शर्ट. मॉस्कोच्या शिस्तीत वाढलेल्या पिढीला यापेक्षा मोकळं उत्तर सुचलं नसतं.

शेवटी तालिकेत संयुक्त संघ पहिला आला: ४५ सुवर्ण, एकूण ११२ पदकं. अमेरिकेची ३७ आणि १०८.

पुढच्या हिवाळी स्पर्धेत, १९९४ला लिलेहॅमरमध्ये, जे आले ते वेगवेगळे उतरले. १९९६च्या अटलांटामध्ये रशियाने २६ आणि युक्रेनने ९ सुवर्णपदकं घेतली. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना १९९२च्या विजेत्या महिला संघात होती. ती १९९६ला उझबेकिस्तानकडून खेळली, मध्ये जर्मनीकडून आणि परत उझबेकिस्तानकडून, थेट टोकियोपर्यंत. तिचं बार्सिलोनातलं सांघिक सुवर्ण मात्र उझबेकिस्तानच्या खात्यात धरलं जात नाही. आंतरराष्ट्रीय समितीच्या नोंदींत संयुक्त संघाचं खातं स्वतंत्र आहे, ना सोव्हिएत संघाचं ना रशियाचं. शेर्बोची सहा पदकंही त्याच खात्यात आहेत आणि बेलारूसचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण म्हणून नोंद आहे ती अटलांटात नौकानयन जिंकणाऱ्या येकातेरिना खोदोतोविचची.