परीगढी (आयर्लंड)

आयर्लंडमधील वर्तुळाकार तटबंदीची प्राचीन शेतवस्ती. लोकसमजुतीत ती परीसारख्या अद्‌भुत लोकांची मानली जाते, म्हणून हे नाव; पुरातत्त्वात ‘रिंगफोर्ट’ ही संज्ञा रूढ आहे. मातीच्या तटाची ती ‘राथ’ किंवा ‘लिस’, दगडी तटाची ‘कॅशल’. रॅथमाइन्स, लिस्मोर ही ग्रामनामे त्यांवरूनच आली. सुमारे ४५,००० गढ्यांची नोंद आहे. बहुतेकींना एकच खंदक व बांध असून आतील व्यास साधारण ३० मी. भरतो. आत एका कुटुंबाची घरे असत, तेव्हा ‘किल्ला’ हा शब्द फसवा आहे; तट मुख्यतः गुरे राखण्यासाठी व प्रतिष्ठेसाठी असावा.

काळाविषयी मतभेद आहेत. जुन्या अभ्यासकांनी या गढ्यांचे श्रेय डेन (व्हायकिंग) लोकांना दिले. ते मत आता त्याज्य ठरले आहे. रिंगफोर्टचे अभ्यासक मॅथ्यू स्टाउट यांनी किरणोत्सर्गी कार्बन व वृक्षवलयांच्या आधारे बहुसंख्य गढ्या इ. स. सु. ६०० ते ९०० दरम्यानच्या मानल्या (१९९७). अँट्रिम परगण्यातील डिअर पार्क फार्म्स येथील दाराच्या चौकटीच्या लाकडाचा काळ (इ. स. ६४८) याच्याशी जुळतो. काहींच्या मते उगम लोहयुगात जातो, तर काही जण नॉर्मन आक्रमणानंतरही (बारावे शतक) वापर चालू राहिल्याचे दाखवतात. उत्खनन झालेल्या गढ्या एकूण संख्येच्या मानाने थोड्या आहेत. तरी स्टाउट यांची कालमर्यादा बहुसंख्य गढ्यांपुरती ग्राह्य वाटते.

गढीवरील झाडे गढीइतकी जुनी नसतात. तटावर नांगर फिरत नाही, पक्षी बिया टाकतात. त्यामुळे पांढऱ्या फुलांचे काटेरी हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, अ‍ॅश व एल्डर तेथे माजतात. काही ठिकाणी जमीनदारांनी बीच किंवा पाइन मुद्दाम लावले. आठव्या शतकाच्या सुमारास आयरिश कायद्याने २८ वृक्षवनस्पती महत्त्वानुसार चार वर्गांत विभागल्या. त्यांत ओक पहिल्या, हॉथॉर्न दुसऱ्या आणि ब्लॅकथॉर्न तिसऱ्या वर्गात आहे. तेव्हा हॉथॉर्नचा आजचा दरारा (तो तोडल्यास संकट येते हा समज) कायद्यातील मानावरून आलेला दिसत नाही.

गढीत ‘ईस शी’ म्हणजे टेकाडातील लोक राहतात, झाड तोडणाऱ्यावर संकट येते, असा समज आहे. मराठी ‘परी’शी त्यांचे साम्य बेताचेच. काही गढ्यांत बाप्तिस्मा न झालेली अर्भके पुरली जात. क्लेअर परगण्यातील लॅटून येथे १९९९ मध्ये कथाकथनकार एडी लेनिहन यांच्या विरोधामुळे नव्या रस्त्याच्या कामात एक एकाकी हॉथॉर्न राखला गेला. तो मात्र गढीवरचा नव्हता.