क्षारताणातील बीजांकुरण व नैसर्गिक जैव उद्दीपके

खारवट जमिनीत वा पाण्यावर भाजीपाल्याचे बी लवकर व एकसारखे उगवावे यासाठी पेरणीपूर्वी ते वनस्पती, सागरी शेवाळ इत्यादींच्या विरळ अर्कात भिजवण्याची बीजप्रक्रिया. वाढीला चालना देणाऱ्या अशा अर्कांना नैसर्गिक जैव उद्दीपके म्हणतात. संपृक्त (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या) मातीतून काढलेल्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातील क्षारांचे माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा अधिक असल्यास जमीन क्षारयुक्त मानतात. भाज्यांचे उत्पन्न त्याआधीच घटू लागते. मास व हॉफमन यांच्या कोष्टकात (१९७७) उत्पन्न घटू लागण्याची ही सीमा त्याच एककात गाजरासाठी १.०, कांद्यासाठी १.२, टोमॅटोसाठी २.५ आहे. उगवणीला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. बीट वाढल्यावर क्षार चांगले सोसते, उगवताना मात्र नाजूक असते.

पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. प्राचीन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रॅस्टस काकडीचे बी दुधात किंवा पाण्यात भिजवण्याचा उल्लेख करतो. बृहत्संहितेत (साधारणपणे सहावे शतक) बी दहा दिवस दुधाने भावित करण्यास (दुधात भिजवत राहण्यास) सांगितले आहे. काही अभ्यासक जैव उद्दीपकांचे मूळ येथे शोधतात; परंतु त्या श्लोकांचा रोख क्षार सोसण्याकडे नसल्याने हा संबंध सैलच धरणे बरे. नियंत्रित भिजवणीची आधुनिक रीत बीजसंशोधक हायडेकर यांच्या नॉटिंगहॅम येथील कामापासून (१९७३ च्या सुमारास) धरली जाते. जैव उद्दीपक ही कल्पना काहीजण नेत्रतज्ज्ञ फिलाटोव्ह यांच्या १९३० च्या दशकातील सोव्हिएट संशोधनाशी, तर काहीजण १९९० च्या दशकातील अमेरिकेतील हिरवळीच्या (लॉनच्या) गवतावरील संशोधनाशी जोडतात. घटकांऐवजी कार्यावरून व्याख्या करण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ द्यू जार्दँ यांचे मत (२०१५) अधिक ग्राह्य वाटते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीचाही तोच कल आहे. भारतात २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव उद्दीपकांचा समावेश झाला.

क्षारांमुळे बियाला पाणी शोषणे जड जाते, शिवाय सोडियम व क्लोराइड पेशींना बाधतात. शेवग्याच्या पानांत झिएटिन हे सायटोकायनिन (पेशीविभाजनाला चालना देणारे वनस्पती-संप्रेरक), तर ॲस्कोफायलम या सागरी शेवाळात बीटेन (पेशींना क्षारताण सोसण्यास मदत करणारे संयुग) व अल्जिनेट (चिकट शर्करायुक्त पदार्थ) आढळतात. अर्कातील संप्रेरकेच थेट काम करतात, की अर्क बियाची स्वतःची संप्रेरकव्यवस्था चाळवतो, हा वाद मिटलेला नाही. अर्कातील संप्रेरकांची अल्प मात्रा पाहता दुसरे मत सबळ दिसते.

शेवग्याची कोवळी पाने वाटून, पिळून, गाळून घेतलेला रस बहुधा ३० पट पाण्यात मिसळतात. दाट रस उगवण रोखतो. मोड बाहेर पडण्याआधी बी काढून सावलीत सुकवतात. नुसत्या पाण्यात भिजवल्यानेही उगवण लवकर होते. म्हणून ज्या प्रयोगात पाण्यात भिजवलेले बी तुलनेला नाही, तेथील सारे श्रेय अर्काला देता येत नाही.

बहुतेक निष्कर्ष काचेच्या बशीतील मिठाच्या द्रावणावरचे आहेत. कोकणातील खारजमिनीत पावसाळ्यात क्षार धुऊन जातात व उन्हाळ्याकडे वर चढतात. विदर्भातील पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात सोडियममुळे काळ्या मातीचा निचरा मंदावतो. त्यावर बीजप्रक्रिया हा उपाय नव्हे. प्रक्रिया केलेले बी साध्या बियाइतके टिकत नाही, ते लवकर पेरावे लागते.