लाकूड फोडायचं मशीन घेताय? आधी ट्रॅक्टरचं ऑइल किती येतं ते बघा

आमच्या वर्कशॉपला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मशीन किती टनाचं आहे?" या मशीनमध्ये ट्रॅक्टरच्या पंपाचं हायड्रॉलिक ऑइल जॅकला ढकलतं आणि त्या जोराने पाचर लाकडात घुसते, टन म्हणजे तो जोर. टन बघायला पाहिजेतच, पण त्याआधी हे विचारा की तुमचा ट्रॅक्टर मिनिटाला किती लिटर ऑइल देतो आणि किती प्रेशरने देतो. कारण टन जास्त आणि ऑइल कमी असं मशीन घेतलं तर लाकूड फुटतं, पण एक ओंडका फोडायला इतका वेळ लागतो की माणूस वैतागून परत कुऱ्हाड हातात घेतो. हे पत्रक १८ ते ३० एचपीचा मिनी ट्रॅक्टर असणाऱ्यांसाठी लिहिलंय. नाशिक सांगलीकडे द्राक्षबागेत ब्लोअर चालवायला घेतलेले ट्रॅक्टर फवारणी नसली की उभेच असतात, आणि मग वखार, वीटभट्टी, काजूचा कारखाना, बेकरी यांना जळण फोडून द्यायचं काम करता येईल का असं बरेच जण विचारतात. येतं, पण आधी थोडं गणित समजून घ्या, अवघड नाही.

टन कसे मिळतात

जॅकच्या पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले ऑइलचं प्रेशर, बस्स एवढंच. एक बार म्हणजे ढोबळमानाने एका चौरस सेंटीमीटरवर एक किलो दाब. १०० एमएम म्हणजे ४ इंची बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) जॅकचं क्षेत्रफळ साडे अठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर, त्याला १५० बार दिले की जवळपास १२ टन. तोच जॅक १२५ एमएमचा घेतला तर त्याच प्रेशरला १८ टनांच्या वर, आणि ८० एमएमचा असेल तर साडेसात. म्हणजे तोच ट्रॅक्टर, तेच प्रेशर, फक्त जॅक बदलला की टन बदलतात. म्हणून कोणी नुसतं "२० टन" म्हणून मशीन विकत असेल तर त्याला बोअर किती आणि कुठल्या प्रेशरला २० टन ते विचाराच. तुमच्या ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह, १५० बारला उघडत असेल तर २०० बारच्या हिशोबाने लिहिलेले टन तुम्हाला कधीच मिळणार नाहीत.

अजून एक शंका नेहमी येते, "माझ्या ट्रॅक्टरची लिफ्टच ७५० किलो उचलते, तो १२ टन कुठून देणार?" लिफ्टची क्षमता खालच्या लिंकच्या, म्हणजे मागे अवजार जोडायच्या हातांच्या, टोकाला मोजतात. आतला छोटा जॅक लिव्हरने ते लांबचे हात उचलतो म्हणून आकडा कमी दिसतो. फोडायच्या मशीनचा जॅक सरळ लाकडावर दाबतो, त्यामुळे ते दोन आकडे एकमेकांशी जोडू नका. लिफ्टचा आकडा फक्त मशीनचं वजन उचलण्यापुरता बघायचा.

आणि स्पीड?

इथेच खरी गंमत आहे आणि इथेच लोक फसतात. १०० एमएमचा, ६०० एमएम स्ट्रोकचा (म्हणजे तेवढा बाहेर येणारा) जॅक पूर्ण बाहेर यायला ४.७ लिटर ऑइल लागतं. ट्रॅक्टर मिनिटाला २० लिटर देत असेल तर जायला १४ सेकंद, आणि पिस्टनचा रॉड ५० एमएमचा असेल तर परत यायला साधारण ११ (रॉड आतली जागा अडवतो म्हणून ऑइल कमी लागतं), म्हणजे एका फेरीला २५ सेकंद. तोच १२५ एमएमचा जॅक त्याच २० लिटरवर लावला तर जाऊन येऊन ४० सेकंदांच्या आसपास जातात. दिवसभर काम करायचं असेल तर हा फरक मोठा आहे हो. आणि पंपाचा आकडा कंपनी देते तो ठराविक आरपीएमचा असतो, डिझेल वाचवायला इंजिन निम्म्यावर चालवलं की ऑइलही निम्मंच येतं. इंजिन स्लो ठेवलं म्हणून टन कमी होत नाहीत, स्पीड कमी होतो.

फेरीचा वेळ वाचवायची सोपी युक्ती म्हणजे लाकडाच्या मापाला स्टॉप लावणं. चुलीसाठी दीड फुटाचे तुकडे असतील तर जॅक दर वेळी पूर्ण आत घ्यायची काही गरज नाही.

ट्रॅक्टरच्या मागे काय जोडायचं

बहुतेक मिनी ट्रॅक्टरची सिस्टीम ओपन सेंटर असते, म्हणजे पंप चालू आहे तोपर्यंत ऑइल सतत फिरत राहतं आणि व्हॉल्व्हचा लिव्हर मधोमध असला की मोकळं टाकीत परत जातं. म्हणून मशीनवरचा व्हॉल्व्हही ओपन सेंटरच पाहिजे. चुकून क्लोज सेंटरचा बसवला तर ऑइलला वाटच राहत नाही, रिलीफ व्हॉल्व्ह सतत शिट्टी मारतो, ऑइल तापतं आणि पंप लवकर जातो.

ट्रॉली टिपिंगसाठी मागे जी एक लाइन दिलेली असते ती सिंगल अॅक्टिंग, ट्रॉली वजनाने खाली येते म्हणून तिथे एकच पाईप चालतो. फोडायच्या जॅकला जाताना आणि येताना दोन्ही वेळा ऑइल लागतं, म्हणून डबल अॅक्टिंग व्हॉल्व्ह आणि टाकीत जाणारी मोकळी रिटर्न लाइन लागतेच. आणि जिथे ऑइल आधी बाहेरच्या व्हॉल्व्हला जाऊन मग लिफ्टला जातं तिथे पॉवर बियाँड पोर्टवाला, म्हणजे ऑइल पुढे लिफ्टकडे सोडणारा व्हॉल्व्ह नसेल तर लिफ्ट उचलणार नाही. नवीन व्हॉल्व्ह बसवल्यावर लिफ्ट बंद पडली की लोक पंप खराब झाला म्हणून खोलायला घेतात, आधी हे तपासा.

दुसरं म्हणजे मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल बऱ्याचदा एकच असतं. बाहेरच्या जॅकमधला कचरा, पाणी, लाकडाचा भुसा तिथून थेट गिअरमध्ये जातो. कपलरला (पाईप जोडायच्या तोंडाला) टोपी लावा, जोडण्याआधी फडक्याने पुसा, एवढं केलं तरी निम्मा त्रास वाचतो.

रोज चार-पाच तास काम असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या शाफ्टवर, वेगळा पंप आणि वेगळी टाकी घ्या, खर्च जास्त आहे पण ट्रॅक्टरचं ऑइल ट्रॅक्टरमध्येच राहतं. पीटीओचे ५४० फेरे एकास तीनच्या गिअरबॉक्सने १६२० होतात, त्यावर २५ सीसीचा (एका फेऱ्याला २५ सीसी ऑइल देणारा) गिअर पंप लावला की गळती धरून ३५ लिटरच्या आसपास ऑइल मिळतं. १५० बारला त्याला साधारण १२ एचपी लागतात, वर थोडा लॉस धरा, तरी २० एचपीचा ट्रॅक्टर आरामात ओढतो. मोठा १२५ एमएमचा जॅक घ्यायचाच असेल तर अशाच पंपावर घ्या. टाकी पंपाच्या लिटरच्या दुप्पट तरी ठेवा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात छोट्या टाकीतलं ऑइल फार लवकर तापतं. ऑइल ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक, इंजिन ऑइल ओतू नका. पण ट्रॅक्टरच्याच ऑइलवर चालवत असाल तर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलंच ऑइल टाकायचं, तिथे ६८ चालवू नका.

लाकूड कुठलं आहे

सुरू, निलगिरी, सुबाभूळ, १० ते १२ इंच जाडीचं आणि ओलं असेल तर १२ टन पुरतात. निलगिरी तोडल्यावर लवकर फोडा, तिची रेषा पिळलेली असते आणि वाळली की फार चिवट होते. बाभूळ, चिंच, गाठी असलेले आणि दुबेळक्याचे ओंडके असतील तर १८ टनांकडे जा. दीड फूट जाडीचा दोन फुटी ओला बाभळीचा ओंडका शंभर किलोच्या आसपास भरतो, तो उचलून आडव्या बीमवर ठेवणं कमरेचं काम नाही, असा माल जास्त असेल तर उभं करता येणारं मशीन घ्या, ओंडका जमिनीवरूनच लोटता येतो. आणि हो, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, परवानगीचा कागद बघितल्याशिवाय माल घेऊ नका.

पीटीओवर फिरणाऱ्या टोकदार स्क्रूचं मशीन स्वस्त मिळतं, ते आम्ही बनवत नाही आणि कोणाला घ्याही म्हणत नाही. लाकूड स्क्रूत अडकलं की ओंडकाच गरगर फिरतो, आणि कपडा अडकला तर लिव्हर सोडून थांबायची सोय त्यात नाही.

जीव महत्त्वाचा

आमच्या मशीनला दोन लिव्हर आहेत, दोन्ही हात लिव्हरवर असले तरच पाचर पुढे येते, कोणी एक लिव्हर तारेने बांधून ठेवतं, कृपा करून तसं करू नका. एक माणूस लाकूड ठेवतो आणि दुसरा लिव्हर ओढतो अशी पद्धत तर अजिबात नको, बोटं जातात ती अशाच वेळी. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिक कव्हर काढू नका, पदर, उपरणं, मफलर जवळ नको. होज पाईप आत तारेच्या दोन जाळ्या असलेलाच घ्या. बारीक छिद्रातून ऑइल उडत असेल तर हात लावून बघू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या प्रेशरचं ऑइल सुईसारखं कातडीच्या आत जातं, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, पण आत मांस सडतं आणि हात वाचवायला काही तासांत ऑपरेशन लागतं. असं झालं तर थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि हायड्रॉलिक ऑइल आत गेलंय असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मशीन पायांवर टेकवूनच काम करा, लिफ्टवर लटकवून नाही. रस्त्याने नेताना पुढे वजनं लावा, मिनी ट्रॅक्टरचं तोंड लवकर उचलतं.

ऑर्डर द्यायच्या आधी ट्रॅक्टरचं मॉडेल, मागच्या बाजूचा आणि कपलरचा फोटो, पुस्तकातलं पंपाचं लिटर आणि प्रेशरचं पान, लाकूड कुठलं, जाडी आणि लांबी किती, दिवसाला किती तास काम, एवढं आम्हाला पाठवा. पुस्तक हरवलं असेल तर ट्रॅक्टर घेऊन या, गेज लावून प्रेशर आणि मिनिटाचं ऑइल आम्ही इथे मोजून देतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि मोजून झाल्यावर तुमच्या कामाला आमचं मशीन बसत नसेल तर तसं तोंडावर सांगतो.