आडनाव गार्सिया, म्हणून पणजोबा स्पॅनिश?

फिलिपिन्समधल्या कुणाचं आडनाव गार्सिया किंवा रामोस निघालं, की याच्या घराण्यात स्पॅनिश रक्त असणार, असं लोक धरूनच चालतात. बहुतेकांच्या बाबतीत ते चूक आहे.

फिलिपिन्सवर स्पेनची सत्ता होती. सुरुवातीला तिथले बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले लोक मर्जीनुसार 'दे ला क्रूझ', 'दे लोस सांतोस' अशी भाविक नावं लावत. सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी असत. करवसुली करणाऱ्यांची पंचाईत! शेवटी २१ नोव्हेंबर १८४९ रोजी तिथले स्पॅनिश गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी हुकूम काढून आडनावांची जाडजूड यादीच प्रांतोप्रांती धाडली. तीत सुमारे ६१ हजार नावं होती. काही तर स्थानिक भाषांतलीच. यादी वर्णानुक्रमे, वाटपही पानांनुसार. त्यामुळे अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात 'र'ची आडनावं खच्चून भरली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आडनाव असेल, तर ते ठेवण्याची मुभा होती.

फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांच्या घराण्याचं जुनं आडनाव मेर्कादो, म्हणजे बाजार. पण ते लावणारा मूळ पुरुष चीनहून आलेला होता. गोव्यातल्या फर्नांडिस-डिसोझांबद्दलही असाच गैरसमज आहे. तिथे धर्मांतराच्या वेळी अनेकदा पोर्तुगीज पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे.