दोन पदव्युत्तर पदव्या एकदम करताना क्रेडिट मर्यादा वाढवून कशी मागावी

बडोद्यात एम.ए. चालू असताना एम.एस.डब्ल्यू.लाही (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) प्रवेश घेतलात आणि दोन्हींचे क्रेडिट मिळून सत्राची मर्यादा ओलांडली, तर विषय पक्के करण्याआधी जादा क्रेडिटची मंजुरी मागावी लागते. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली. ते परिपत्रक जोडलं की काम झालं, असं समजू नका. नियम ठरवणं त्यात विद्यापीठांच्या वैधानिक मंडळांवरच सोडलेलं आहे.

पात्रता सोपी आहे. दोन्ही अभ्यासक्रम नियमित असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक नियमित आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतो, दोन्ही दूरस्थही चालतात. मात्र दूरस्थ अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता हवी. पीएच.डी.ला ही सवलत नाही.

अर्ज वाचणारा आधी हिशेब करतो. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तास, वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास. दोन्हीकडे सत्राला वीस-वीस घेतलेत तर वर्षभराचे तास सहा महिन्यांत बसवायचे. हे जमेल कसं, याचं उत्तर तुमच्या अर्जात हवं. 'मला शिकण्याची खूप आवड आहे' छापाचा मजकूर वगळलात तरी चालेल.

त्यामुळे सगळ्यात वजनदार कागद म्हणजे सोमवार ते शनिवारचं एकत्र वेळापत्रक. सयाजीगंजातल्या आर्ट्सचा तास अकराला सुटतो आणि फत्तेगंजातल्या एम.एस.डब्ल्यू.चा अकरालाच सुरू होतो, तर कागदावर वेळा भिडत नाहीत, पण तुम्ही रोज उशिरा पोहोचणार. मधे जाण्यायेण्याची वेळ दाखवा. एम.एस.डब्ल्यू.चं फील्डवर्क बरेच जण विसरतात. ते अख्खा दिवस खातं.

सोबत दोन्ही प्रवेशांच्या पावत्या, मागच्या सत्रांच्या गुणपत्रिका, अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) आणि दोन्ही विभागप्रमुखांची लेखी संमती जोडा. एटीकेटी असेल तर लपवू नका, गुणपत्रिकेत ती दिसतेच. अर्ज विभागप्रमुखांमार्फत डीनकडे द्या आणि पोच घ्या.

नकार आला तर कारण लेखी मागा आणि पुन्हा अर्ज करताना मागणी कमी करा: आठऐवजी चार जादा क्रेडिट, उरलेले पुढच्या सत्रात. मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (क्रेडिट साठवायचं ऑनलाइन खातं) सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात, तेव्हा एखादं सत्र लांबलं म्हणून काही बिघडत नाही.