मॉन्टेसरी घरी आणायची म्हणजे नेमकं काय आणायचं?

हल्ली दोन-अडीच वर्षांचं मूल घरात असलं की कुणीतरी सुचवतंच, घरी मॉन्टेसरी, म्हणजे मुलाला साधनं हाताळत स्वतःच शिकू देणारी पद्धत, सुरू करा, आणि मग आपण मोबाईल उघडून लाकडी टॉवर, छोटं फर्निचर, ट्रे यांच्या किमती बघत बसतो. मीही बसले होते. सगळं मिळून जो आकडा झाला तो बघून लॅपटॉप मिटला आणि ही पद्धत मुळात आली कुठून ते वाचायला घेतलं, ते इथे लिहितेय कारण माझ्यासारख्या बऱ्याच आया त्याच आकड्यापाशी थांबतात असं मला वाटतं.

तर मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टर, जन्म 1870 चा. आधी त्यांनी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसोबत काम केलं, त्या मुलांची प्रगती बघून त्यांना प्रश्न पडला की हीच साधनं बाकीच्या मुलांना दिली तर काय होईल. संधी मिळाली 6 जानेवारी 1907 ला, रोमच्या सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत. तिथल्या चाळीवजा इमारती एका कंपनीने दुरुस्त केल्या होत्या, आईबाप दिवसभर कामावर आणि मागे राहिलेली लहान मुलं जिने-भिंती खराब करायची, म्हणून त्याच इमारतीतल्या एका खोलीत या मुलांना सांभाळायचं ठरलं. त्या जागेचं नाव पडलं 'कासा देई बाम्बिनी', म्हणजे मुलांचं घर. शाळा नाही, घर! आणि शिकवायला ट्रेनिंग झालेली शिक्षिकाही नव्हती.

तिथले दोन प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक तीन वर्षांची मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या भोकांत बसवत होती, काढायची, परत बसवायची. मॉन्टेसरीबाईंनी बाकीच्या मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी ती दट्टे मांडीवर घेऊन चालूच, चाळीसपेक्षा जास्त वेळा. मग थांबली आणि झोपेतून उठल्यासारखी खुशीत इकडेतिकडे बघायला लागली. दुसरा प्रसंग कपाटाचा. एक दिवस शिक्षिकेला उशीर झाला, कपाट उघडं राहिलं होतं, आणि मुलांनी आपापलं साहित्य काढून कामाला सुरुवातसुद्धा केलेली. तेव्हापासून मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी उघडी कपाटं आली.

आपल्याकडे हे वारं आधी गुजरातीतून आलं. गुजरातमधले बालशिक्षक गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला लहान मुलांसाठी बालमंदिर काढलं आणि 1923 मध्ये शिक्षिका ताराबाई मोडक तिथे जाऊन मिळाल्या. 1926 ला नूतन बाल शिक्षण संघ ही संस्था निघाली, 1936 ला मुंबईत दादरला ताराबाईंची शिशुविहार ही शाळा. स्वतः मॉन्टेसरीबाई 1939 मध्ये मद्रासला अड्यारला आल्या, 1940 मध्ये इटली ब्रिटनविरुद्ध महायुद्धात उतरली आणि इटालियन म्हणून इथेच अडकल्या, त्यांचा मुलगा मारिओ तर काही काळ आपल्या अहमदनगरच्या कॅम्पात नजरकैदेत होता. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाला व्हाइसरॉयने त्याला सोडलं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पुढचा भाग, आणि तोच कमी सांगितला जातो. ताराबाई 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. शहरातलं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं, मग समुद्रावरचे शंखशिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य झालं, मोजायला, जुळवायला, लहानमोठं लावायला. पाड्यावरची, वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात तर या दोघी बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या, आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. ती अंगणवाडी. पुढे 1957 ला काम कोसबादच्या टेकडीवर गेलं, गुरं राखणाऱ्या मोठ्या मुलांसाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतात तिथेच भरणारी शाळा, निघाली. अंगणवाडी हा शब्द तर 1975 च्या सरकारी योजनेतून देशभर गेला.

म्हणून मला आता ती ऑर्डर करावीशी वाटत नाही. माझ्या मुलीला मी स्वयंपाकघरात खालच्या फळीवर तिचं ताट, वाटी, एक छोटा तांब्या आणि पुसायचं फडकं ठेवून दिलंय. परवा तिने पाण्याचा तांब्या पेल्यात ओतताना निम्मं सांडवलं, माझा हात पुढे गेला होता पण मी मागे घेतला, तिने स्वतःच फडकं आणलं, पुसलं, आणि परत तांब्या भरायला गेली. तिसऱ्यांदा सांडलं नाही. दुपारी चिंचोके आणि वाल एकत्र करून दिले तर अर्धा तास निवडत बसली होती, मी हाक मारली ती तिला ऐकूच आली नाही.